पायदळीची भाजी : घोळ, कुल्फा आणि अचलपूर

अचलपूरचा इतिहास लिहायला बसले की लेखणी आधी परकोटाकडे आणि दरवाजांकडे वळते. मग हौज कटोरा येतो, दुल्हा रहमान शाह यांचा दर्गा येतो, इमादशाही येते. हे सारे खरेच आहे. चौदाव्या शतकात झियाउद्दीन बरनीने ज्या एलिचपूरची गणना दक्षिणेतल्या नामांकित शहरांत केली, ते हेच आमचे गाव. 1296 साली अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून गेला तो याच गावावरून. 1490 मध्ये फतहुल्लाह इमाद-उल-मुल्कने वऱ्हाडची स्वतंत्र सत्ता उभी केली. ती 1574 पर्यंत टिकली आणि 1596 मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेले. शाळेत मुलांकडून आम्ही ही सनावळी पाठ करून घेतो.

पण त्या परकोटाच्या पायथ्याशी, पडक्या हवेल्यांच्या अंगणात, बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेच्या रुळांच्या आजूबाजूला, पहिला पाऊस पडला की जमिनीला चिकटून एक लालसर देठांचे रोप पसरते. त्याची नोंद कोणत्याही सनावळीत नाही. राजे आले आणि गेले, हे रोप मात्र दरवर्षी येते. मराठीत त्याला घोळ म्हणतात. आमच्या वऱ्हाडी बोलीत 'ळ' चा 'य' होतो, म्हणून खेड्यातली बाई 'घोय' म्हणते. उर्दूत ते कुल्फा आहे, फारसीत आणि हकिमांच्या चिठ्ठीत खुर्फा, गुजरातीत लुणी. आयुर्वेदाच्या निघंटूंत लोणी आणि घोटिका या नावांनी त्याची ओळख सापडते. वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला पोर्टुलाका ओलेरेसिया म्हणतात. एका रोपाला इतकी नावे कशी मिळाली, हा आमच्या मते इतिहासाचाच प्रश्न आहे.

अरबीत या भाजीला दोन नावे आहेत आणि ती दोन्ही विचार करायला लावणारी आहेत. पहिले नाव 'बक़लतुल हुमक़ा', म्हणजे मूर्खांची भाजी. ही भाजी वाटेवर आणि पाण्याच्या ओघळीत उगवते. कुणी तुडवील, पाणी वाहून नेईल, याचे तिला भान नसते, म्हणून ती मूर्ख. दुसरे नाव 'बक़लतुल मुबारका', म्हणजे बरकतीची भाजी. एकाच रोपाला एकाने वेडे म्हटले आणि दुसऱ्याने मुबारक. ज्याचे पोट भरलेले होते त्याला ती पायाखाली दिसली असावी आणि ज्याचे रिकामे होते त्याला ताटात, असे आम्हाला वाटते. इब्न सिनाच्या 'अल-क़ानून' मध्ये औषधी वनस्पतींत तिला जागा मिळाली. युनानी वैद्यकात तिची प्रकृती थंड आणि तर मानली जाते. उन्हाळ्यात तहान आणि अंगाची आग शमवायला 'तुख्मे खुर्फा', म्हणजे तिचे बी, आजही अत्तारांच्या दुकानात मिळते.

सीरिया-लेबनॉनकडच्या फत्तूश नावाच्या कोशिंबिरीत तिची कच्ची पाने घालतात. तुर्कस्तानात ती दह्यात कालवतात. मेक्सिकोत हिरव्या रश्श्यात मांसाबरोबर शिजवतात. दिल्लीपासून दख्खनपर्यंत मुस्लिम घरांतले कुल्फा-गोश्त तर आपल्या परिचयाचे आहे. वऱ्हाडच्या कुणब्याच्या घरी तीच भाजी तुरीच्या किंवा मुगाच्या डाळीत पडते आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर खाल्ली जाते. एकाच आळीतल्या दोन चुली, दोन भाषा, दोन नावे, आणि बांधावरून खुडून आणलेली भाजी एकच! 'तुमची संस्कृती वेगळी, आमची वेगळी' असे मोठ्याने सांगणाऱ्यांनी कधी या दोन्ही घरांच्या निसलेल्या भाजीची टोपली पाहावी.

आता ओळखीकडे येऊ. ज्ञान हे नुसते कौतुकाने टिकत नाही, ते हाताला यावे लागते.

घोळ जमिनीसरशी वाढते. एका मुळापासून चहूकडे फांद्या फुटतात. देठ गुळगुळीत, गोल, रसरशीत आणि बहुधा तांबूस असतो, त्यावर लव नसते. पान जाडसर, मांसल, टोकाला गोल आणि देठाकडे निमुळते, एखाद्या छोट्या चमच्यासारखे असते. फूल पिवळे, बहुधा पाच पाकळ्यांचे. ते सकाळच्या उन्हात उमलते आणि थोड्याच वेळात मिटते. फळ म्हणजे एक इवलीशी डबी. पिकली की तिचे झाकण गळून पडते आणि आत खसखशीहून बारीक काळे बी दिसते. हे बी मातीत अनेक वर्षे जिवंत राहते. शेतकरी उपटून उपटून थकतो पण घोळ संपत नाही, त्याचे हे एक कारण. दुसरे असे की उपटून बांधावर टाकलेली फांदीसुद्धा ओलावा मिळाला की पुन्हा मूळ धरते.

तिची धाकटी बहीण म्हणजे चिवळ, वऱ्हाडीत 'चिवय'. तिची पाने बारीक, देठ दोऱ्यासारखा, पेराशी पांढरी लव आणि फूल चार पाकळ्यांचे. शास्त्रीय नाव पोर्टुलाका क्वाड्रिफिडा, त्यातल्या 'क्वाड्रि' चा अर्थच चार. चिवळ आमच्याकडे उन्हाळ्यात मुद्दाम पेरतातही. अमरावती-अकोल्याच्या बाजारात चैत्र-वैशाखात तिच्या जुड्या दिसतात. डाळीबरोबर वाफवून तिचे फुणके करतात, पीठ पेरून भाजी करतात. म्हणजे एकाच घराण्यातली एक बहीण बाजारात मानाने बसली आणि दुसरी तण म्हणून बांधावर फेकली गेली.

इथे सावध राहायला हवे, कारण घोळीच्या शेजारीच तिच्या रूपाची दुसरी रोपे वाढतात. त्यात पहिली दुधी, म्हणजे नायटीच्या जातीतली जमिनीवर पसरणारी रोपे. त्यांचाही देठ तांबूस असतो, पण पान पातळ असते, मांसल नसते. खात्रीची परीक्षा अगदी सोपी आहे. देठ मोडून पाहावा. पाण्यासारखा स्वच्छ रस आला तर घोळ, पांढरा चीक आला तर ते रोप फेकून द्यावे आणि हात धुवावेत. दुसरा शेजारी म्हणजे खापरा, उर्दू-हिंदीत ज्याला बिसखपरा म्हणतात. तोही पसरतो आणि तोही थोडा मांसल असतो. पण त्याचे पान अधिक गोल आणि रुंद असते, समोरासमोरच्या जोडीत एक पान मोठे आणि एक लहान असते, फूल पिवळे नसून पांढरे किंवा गुलाबी असते आणि पानाच्या बगलेत दडलेले असते. काही ठिकाणी त्याची कोवळी पाने खातात, पण जून पानांनी जुलाब होतात. नवशिक्याने त्याच्या वाटेला न गेलेलेच बरे. ओळखीबद्दल तिळमात्र शंका असेल तर जाणत्या बाईला दाखवल्याशिवाय कोणतेही रोप चुलीवर चढवू नये.

घोळीची चव आंबट-खारट असते. या आंबटपणाला एक मजेदार कारण आहे. पाण्याची टंचाई झाली की हे रोप दिवसा आपली छिद्रे मिटून घेते, पाणी उडू देत नाही आणि रात्री हवा आत घेते. रात्रभरात त्या हवेतला कार्बन आम्लाच्या रूपाने पानात साठतो आणि दिवसा उन्हात वापरला जातो. म्हणून कोरड पडली असताना पहाटे खुडलेली घोळ अधिक आंबट आणि संध्याकाळची कमी आंबट लागते. दुष्काळात इतर पाला करपून जातो तेव्हा हे रोप कसे तग धरते, याचे उत्तर याच युक्तीत आहे. आणि दुष्काळाचे नाव निघाले की अचलपूरच्या इतिहासाचे एक जुने पान उघडावे लागते.

बहमनी सुलतान दुसरा मुहम्मदशाह 1378 ते 1397 या काळात राज्य करीत होता. त्याच्या काळात दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. फरिश्त्याच्या इतिहासातून आपल्याला कळते की सुलतानाने आपले बैल माळवा आणि गुजरातकडे धाडले, तिकडून धान्य आणवले आणि ते स्वस्त दराने विकले. अनाथ मुलांसाठी त्याने बीदर, कंधार, दौलताबाद, चौल, दाभोळ अशा शहरांत शाळा काढल्या. त्यांत एलिचपूरचेही नाव आहे. त्या शाळांत मुलांना नुसते शिकवले जात नव्हते, त्यांच्या राहण्या-जेवणाचा खर्चही सरकारी खजिन्यातून होत होता. सहाशेहून अधिक वर्षांपूर्वी आमच्या गावात उपाशी मुलाला जेवू घालून शिकवणारी शाळा होती, ही गोष्ट शिक्षक म्हणून आम्हाला कोणत्याही किल्ल्याहून मोठी वाटते. महाराष्ट्रात शालेय पोषण आहार 1995 साली सुरू झाला, तेव्हा अचलपूरच्या मातीत ती कल्पना अगदीच नवी नव्हती.

पण याच कहाणीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वऱ्हाडात नोकरी केलेला इंग्रज इतिहासकार वुल्झली हेग लिहितो की ते स्वस्त धान्य फक्त मुसलमानांनाच विकले जात होते. चांगल्या कामाला लागलेला हा डाग आहे आणि तो आपण झाकू नये. भुकेल्याचा धर्म पाहून धान्य देणारा राजा आपला असो की परका, त्याची चूक ती चूकच. त्या दुष्काळात ज्यांना ते धान्य मिळाले नाही, त्यांनी काय खाल्ले असेल? ते कुणी लिहून ठेवलेले नाही. पण वऱ्हाडच्या काळ्या मातीत अशा वेळी काय उगवते, हे आपण जाणतो. घोळ, तरोटा, केना, पाथरी, कुंजर यांनी कुणाचा कलमा विचारला नसेल आणि कुणाची जातही विचारली नसेल.

त्यानंतरचा आणि अधिक जवळचा दुष्काळ म्हणजे 1899-1900 चा, ज्याला जुनी माणसे विक्रम संवताच्या 1956 या सालावरून 'छप्पनचा दुष्काळ' म्हणत. त्याची मुळे आधीच्या चाळीस वर्षांत होती. 1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस थांबला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडवर पडली. आगगाडी आली, जिनिंग आले, कपाशीचे शेत वाढत गेले. हातात रोकड आली, पण घरातल्या पेवातली ज्वारी कमी झाली. पाऊस दगा देताच मजुराच्या हाताला काम उरले नाही आणि बाजारातले धान्य त्याच्या ऐपतीबाहेर गेले. 1891 च्या शिरगणतीत वऱ्हाडची लोकसंख्या 28,97,491 होती, 1901 मध्ये ती 27,54,016 भरली. दहा वर्षांत वाढण्याऐवजी सुमारे एक लाख त्रेचाळीस हजारांनी घट! 1901 मध्ये एलिचपूर शहरात 26,082 माणसे उरली होती. 1905 मध्ये तर एलिचपूर जिल्हाच अमरावतीत विलीन झाला आणि एकेकाळची राजधानी तालुक्याचे गाव होऊन बसली.

दुष्काळाच्या सरकारी कागदांत मदतीची कामे, खडी फोडणारे मजूर आणि खर्चाचे आकडे असतात. सकाळी उठून टोपली घेऊन रानात जाणारी बाई त्यात नसते. ती मुलांच्या तोंडात चार घास पडावेत म्हणून पाला ओळखत होती, विषारी पाला बाजूला काढत होती आणि हे ज्ञान आपल्या लेकीला देत होती. 1972 च्या दुष्काळात मिलो आणि सुकडी खाल्लेली पिढी अजून आपल्यात आहे. त्या पिढीच्या बायकांना विचारले तर रानभाज्यांची नावे त्या बोटांवर मोजून दाखवतात. आपल्या समाजात इतिहास म्हणजे पुरुषांचा, आणि त्यातही तलवारवाल्यांचा, असे समीकरण झाले आहे. पण माणसे जगली ती या बायकांच्या ओळखीवर. ही ओळख त्यांच्या हाती होती, आणि ती लिहिली गेली नाही म्हणून तिला विद्या म्हटले गेले नाही.

ज्यांनी म्हटले, त्यांतले एक उदाहरण आमच्या शेजारच्या वर्ध्याचे आहे. 1935 मध्ये मगनवाडीत गांधीजी आहाराचे प्रयोग करीत होते. महागड्या भाज्या गरिबाला परवडत नाहीत, मग आवारात आपोआप उगवणारा पाला का खाऊ नये, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांच्या त्या पाल्यात लुणी, म्हणजे आपली घोळ, होती. पुढे 1986 मध्ये आर्टेमिस सिमोपोलस आणि नॉर्मन सेलम यांनी अमेरिकेतल्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' मध्ये दाखवून दिले की हृदयाला उपकारक मानली जाणारी ओमेगा-3 जातीची स्निग्धाम्ले या पाल्यात आहेत. 100 ग्रॅम ताज्या पाल्यात 300 ते 400 मिलिग्रॅम अल्फा-लिनोलेनिक आम्ल सापडते. पालेभाजीत इतके प्रमाण विरळाच. बाटलीतल्या गोळ्यांसाठी पैसे मोजणाऱ्यांच्या अंगणात ही भाजी फुकट उगवते आणि झाडूने बाहेर जाते.

मात्र गुणांबरोबर तिचा दोषही सांगायला हवा. घोळीत ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असते. ज्यांना मुतखड्याचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी ती टाळावी किंवा डॉक्टरांना विचारून खावी. इतरांनीही रोज ताटभर खाऊ नये. उकळून पहिले पाणी फेकले तर हे आम्ल बरेच कमी होते. दह्याबरोबर खाण्याची जुनी रीतही शहाणपणाची आहे, कारण दह्यातले कॅल्शियम या आम्लाला पोटातच बांधून टाकते. भाजी तीन-चार पाण्यांतून धुवावी, कारण जमिनीला चिकटलेली असल्याने तिच्यात माती फार असते. जाड मुळे काढावीत, कोवळे देठ ठेवावेत. मग लसूण आणि मिरचीच्या फोडणीत डाळीबरोबर शिजवावी, नाहीतर गोश्त मऊ झाल्यावर शेवटी सोडावी. आंबटपणा तिचा स्वतःचा असतो, टोमॅटो किंवा चिंच लागत नाही. मीठ बेताचे घालावे.

एवढी जुनी आणि एवढी गुणी भाजी आज कुठे आहे? वऱ्हाडात निंदणाला जाणारी बाई संध्याकाळी परतताना ओच्यात घोळ, तरोटा, माठ घेऊन यायची. ही तिच्या मजुरीतली न बोललेली भर होती. शेत मालकाचे असले तरी तण मजुरीणीचे, असा अलिखित हक्कच होता. तणनाशक आले आणि निंदण कमी झाले. कपाशीच्या शेतात मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत, ही शेतकऱ्याची अडचणही खरी आहे. जून 2019 मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीर इथे शेतकऱ्यांनी बंदी झुगारून, तणनाशक सहन करणारी कपाशी जाहीरपणे पेरली, ती याच अडचणीपोटी. पण फवारणीने तण जळते तेव्हा एका गरीब घराची भाजी जळते, हे हिशेबाच्या कोणत्याच वहीत येत नाही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा बळी घेतला, ते दुःख विदर्भ विसरलेला नाही. म्हणून आता घोळ खुडताना आणखी एक नियम पाळावा लागतो. फवारलेल्या शेतातली, नालीच्या काठची आणि वर्दळीच्या सडकेलगतची भाजी घेऊ नये. आपल्या आज्यांना हा नियम लागत नव्हता.

दुसरी अडचण मनातली आहे. उर्दू माध्यमाच्या वर्गात 'कुल्फा' हा शब्द आला की मुले आइस्क्रीमची कुल्फी समजून हसतात. 'घोय' म्हटले की काही मुलांचे चेहरे ओळखीने उजळतात, आणि लगेच ती इकडेतिकडे पाहतात. घरी रानातली भाजी शिजते हे चारचौघांत सांगणे म्हणजे घरी पैसे नाहीत हे सांगणे, असे त्यांना वाटते. मुलाने डबा झाकून खाल्ला की त्याच्या आईची विद्याही झाकली जाते. वर्गात रोप आणून ठेवले, त्याची तिन्ही-चारही नावे फळ्यावर लिहिली, आणि इब्न सिनाने ज्याची दखल घेतली ते रोप तुमच्या आईला न पुस्तक वाचता ओळखता येते, असे सांगितले की वर्गाचा रंग बदलतो. दुसऱ्या दिवशी मुले न सांगता पाला घेऊन येतात. कुणी खापरा आणतो, कुणी दुधी आणतो. देठ मोडून चीक दाखवला की धडा पक्का होतो. उर्दू, मराठी, विज्ञान आणि इतिहास हे चार तास एका देठात मावतात.

ऑगस्टमध्ये कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव आता भरतात, ही आनंदाची गोष्ट आहे. पण महोत्सव एका दिवसाचा असतो. आपल्या मोहल्ल्यांत, बचत गटांत, शाळांच्या परसबागांत या भाज्यांना जागा मिळाली, आणि वयस्कर बायकांना बोलावून त्यांची ओळख मुलींना करून दिली गेली, तर ते काम बारमाही होईल. प्रत्येक गावच्या बोलीतली नावे लिहून काढण्याचे काम तर शिक्षकांचेच आहे. नाव गेले की ओळख जाते, आणि ओळख गेली की पायाखालचे अन्नही गवत होते.

परकोटाचे दगड ढासळत आहेत, त्यांची डागडुजी पुरातत्त्ववाल्यांनी करावी. या वाडग्यातल्या इतिहासाची डागडुजी मात्र आपल्यालाच करायची आहे. त्याला खर्च काही नाही. येत्या मृगात पहिला पाऊस पडून दहा-पंधरा दिवस झाले की घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला बांधावर घेऊन जायचे आणि विचारायचे, "दादीजान, यात भाजी कोणती?"